घरच्या उपकारस्तुतीच्या सभेत शेजाऱ्यांसमोर साक्ष कशी द्यावी?

पिंपरीची_लेक:
प्रभू येशूच्या नावात सर्वांना सलाम. वडिलांची बायपास होऊन दोन महिने झाले, तब्येत सुधारते आहे. रविवारी संध्याकाळी घरी उपकारस्तुतीची सभा ठेवली आहे. मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चमधले, वीसेक जण आणि आमच्या मजल्यावरची चार कुटुंबं येतील. ती हिंदू आणि मुस्लिम आहेत, दवाखान्याच्या दिवसांत त्यांनी आमच्यासाठी खूप केलं. साक्ष, म्हणजे देवाने आमच्यासाठी काय केलं ते सांगणं, मी द्यायची आहे. किती बोलू आणि काय सांगू? त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये, पण येशूचं नाव चोरून घ्यायचीही इच्छा नाही.

मंडळी_सेवक:
ताई, सलाम. चार-पाच मिनिटं पुरेत. आधी लिहून काढा, साडेचारशे शब्दांत चार मिनिटं सहज होतात. मोठ्याने वाचून घड्याळ लावा, कारण आयत्या वेळी बोलणारा हमखास दुप्पट वेळ घेतो आणि शेवटी उपदेशाकडे वळतो.

क्रम साधा ठेवा: काय झालं, तेव्हा घरच्यांच्या मनाची स्थिती काय होती, प्रार्थनेत काय मागितलं, काय मिळालं. आजार एका मिनिटात आटपा. रिपोर्ट आणि ब्लॉकेजचे टक्के सांगत बसलं की साक्ष दवाखान्यातच अडकते. बहुतेकांचं राहून जातं ते मधलं: भीती, झोप न लागणं, त्या रात्री वाचलेलं एखादं स्तोत्र. ऐकणाऱ्याला तिथेच विश्वास दिसतो.

सर्जन, नर्स, रक्त देणारे, गाडी काढणारे शेजारी, सगळ्यांचे आभार नाव घेऊन माना. त्याने देवाचा महिमा कमी होत नाही. आणि ‘डॉक्टरांनी हात टेकले होते’ हे खरं नसेल तर बोलू नका. मंडळीत असं वाक्य सवयीने येतं. शेजारी त्या दिवशी दवाखान्यात होते, त्यांना खरं काय ते माहीत आहे. एक खोटं वाक्य उरलेली साक्षही पुसून टाकतं.

‘तारण’, ‘अभिषेक’, ‘रक्ताने धुतलेला’ हे शब्द त्या दिवशी टाळा. ‘येशूने आम्हाला सांभाळलं’ हे सगळ्यांना कळतं आणि त्यात नाव दडवलेलंही नाही.

नगरचा_वाचक:
बायबलमधल्या वचनासाठी लूक १७:११-१९ घ्या. दहा कुष्ठरोगी शुद्ध झाले, परत येऊन आभार मानणारा एकच, आणि तो शोमरोनी, म्हणजे त्या समाजाने परका मानलेला. मिश्र बैठकीला याहून योग्य उतारा सापडणार नाही. आभार मानण्यात बाहेरचा माणूस पुढे असू शकतो, हे प्रभूने स्वतः दाखवलं. ‘बाकीचे नऊ कुठे?’ या प्रश्नाचा रोख मात्र पाहुण्यांकडे वळवू नका.

गाणी दोनच. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं अभंगाच्या चालीची आहेत. पेटी-टाळ असेल तर शेजारीही ध्रुपद धरतात. गाण्याचे कागद आधी वाटा.

सत्य_बोला:
बोलावतानाच ‘घरी उपकारस्तुतीची प्रार्थना आहे, मग जेवण’ असं स्पष्ट सांगा. नुसतं जेवायला बोलावून सभेला बसवणं ही फसवणूक आहे, आणि पुढची दारंही त्यानेच बंद होतात. दानाची थैली शेजाऱ्यांसमोर फिरवू नका. उपकारस्तुतीचं दान घरच्यांनीच पाळकांकडे द्यावं. धर्मप्रचाराच्या पत्रिका वाटू नका. लूकच्या शुभवर्तमानाच्या चार प्रती टेबलावर ठेवा, मागेल त्याला द्या. जेवण शाकाहारी ठेवा, म्हणजे कुणाला विचारत बसावं लागत नाही.

घटनेचं कलम २५ धर्माचा प्रसार करण्याचा हक्क देतं. त्यात दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं. आपल्यासाठी १ पेत्र ३:१५ त्याहून बारीक गाळतं: आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यावं, आणि तेही सौम्यतेने.

परिचारिका_बहीण:
वडिलांचं छातीचं हाड भरायला सहा ते बारा आठवडे लागतात. त्यांना पाठ-हात टेकायची खुर्ची द्या. मिठी मारणं, हात धरून ओढून उठवणं नको. प्रार्थनेत हात ठेवायचे तर खांद्यावर हलकेच, छातीवर नाही. सभा एका तासात संपवा. साक्षीत एक वाक्य नक्की घाला: ‘गोळ्या, पथ्य आणि तपासण्या चालू आहेत.’ नाहीतर ऐकणाऱ्यांतला कुणी विश्वासाच्या नावाखाली स्वतःची औषधं सोडतो.

पिंपरीची_लेक:
खूप उपयोग झाला. सभेनंतर एखादी शेजारीण म्हणाली, ‘आमच्यासाठीही प्रार्थना करा’, तर?

मंडळी_सेवक:
तिथेच करा. आधी नाव आणि अडचण विचारा, सगळ्यांसमोर करू की बाजूला, हेही विचारा. तीन-चार वाक्यं, नेहमीच्या बोलीत, येशूच्या नावात. बरं होईलच असं वचन देऊ नका, आणि तिची अडचण मंडळीच्या व्हॉट्सअप ग्रुपवर टाकू नका. आठवड्याभरात तिच्या घरी जाऊन चौकशी करा, त्या भेटीत विषय तिनेच काढला तर पुढे बोला.