प्रतिसाद: खिडकीखालच्या जीआय पत्र्याचा रंग

खिडकीखालच्या जीआय पत्र्याला रंग कसा द्यायचा, असं तुम्ही विचारलंय. वर कुणीतरी रेड ऑक्साइड मारून थेट ऑइलपेंट द्यायला सांगितलंय. साध्या लोखंडी पत्र्याला ते चालेल, पण तुमचा पत्रा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला आहे. जस्ताची ऑइलपेंटमधल्या तेलाशी प्रक्रिया होऊन रंगाखाली साबणासारखा थर तयार होतो, आणि वर्ष-दोन वर्षांत रंग पापडासारखा सुटतो. कितीही भारी रंग घ्या.

आधी पत्रा साबणाच्या पाण्याने धुवा, नव्या पत्र्यावर तेलाचा हात असतोच. मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने फक्त चमक घालवा, जस्त खरवडू नका. थिनरच्या फडक्याने पुसून एच प्रायमरचा (जस्तावर रंगाला पकड देणारा प्रायमर) एकच पातळ हात द्या. जाड मारलात तर तोच सुटेल. त्यावर दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर (डब्यावरच्या प्रमाणातच मिसळा), शेवटी पीयू (पॉलियुरेथेन) रंगाचे दोन हात. इपॉक्सी उघडा ठेवला तर उन्हाने पांढरा पडतो.

कापलेल्या कडा आणि स्क्रूची भोकं यांना ब्रशने एक जादा हात. गंज तिथूनच शिरतो. मागची बाजूही बसवण्याआधीच रंगवा, नंतर हात पोचत नाही. फटीत भरायचं सिलिकॉन न्यूट्रलच घ्या, व्हिनेगरसारखा वास येणारं जस्त खातं. आणि ते रंगानंतरच भरा, सिलिकॉनवर रंग धरत नाही.