मागचा कॅलिपर (डिस्क ब्रेकचा चिमटा) घरी उघडलाय का कुणी? सांगा अनुभव

पावसाळा सरला की बाइकची मागची डिस्क कुरकुरायला लागते. गाडी ढकलायला जड, चाक हाताने फिरवलं तर अर्ध्या फेरीत थांबतं. पॅड बदलणं सगळेच करतात. पॅड दाबणारा पिस्टन बाहेर काढून त्याच्याभोवतीचं रबरी सील बदलण्यापर्यंत कुणी घरी गेलं असेल तर लिहा, कुठे अडलं तेही लिहा.

सुरुवात मीच करतो, चिपळूणहून. बँजो बोल्ट (ऑइलचा पाइप कॅलिपरला जोडणारा) कॅलिपर गाडीवर असतानाच जरासा सैल करून परत आवळून ठेवला. सुटा कॅलिपर हातात धरून हा बोल्ट हलत नाही. मग पॅड काढून मागचं पेडल हळूहळू दाबत राहिलो आणि पिस्टन ऑइलच्या दाबानेच बाहेर सरकला. पाइप आधी काढला की पक्कड नाहीतर काँप्रेसर, आणि काँप्रेसरच्या हवेने पिस्टन गोळीसारखा सुटतो, बोटं जातात. खरा चोर सीलच्या खाचेत होता. अ‍ॅल्युमिनियमला बुरा चढून खडूसारखा पांढरा थर बसलेला. तो सीलला आतून रेटतो, म्हणून नवीन सील टाकलं तरी पिस्टन घट्टच. बांबूची काडी टोकदार करून सगळा खरवडला. स्क्रू ड्रायव्हर तिथे अजिबात नको.

– सीलबद्दल थोडी भर घालतो. त्याचा काटछेद चौकोनी असतो. ब्रेक लावला की ते पिस्टनबरोबर किंचित पिळवटतं, सोडला की सरळ होताना पिस्टनला मागे ओढतं. कॅलिपरात स्प्रिंग नसतेच त्या कामाला. म्हणून पेट्रोल-रॉकेलने धुऊ नका, रबर फुगतं. बसवताना ताजं ब्रेक ऑइलच लावा. पिस्टनवर नख अडेल असा खड्डा असेल तर पॉलिश पेपर घासत बसू नका, नवीनच घ्या.

– माझं सील किट डब्यात तसंच पडून आहे, दादा. पिस्टन ठणठणीत निघाला, कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना गंजलेल्या. साफ केल्या, सिलिकॉन ग्रीस लावलं, काम फत्ते. आधी पिना बघा!

– नागपूर. मला त्रास झाला तो हवा काढताना. ८ चा पाना, पारदर्शक नळी, बाटलीत थोडं ऑइल. तरी पेडल स्पंजासारखं. शेवटी कॅलिपर सोडवून निपल (हवा सोडायचा बोल्ट) वर येईल असा धरला, पॅडमध्ये लाकडाची पट्टी अडकवली, तेव्हा बुडबुडे आले. ऑइल सीलबंद बाटलीतलंच घ्या. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल कोरडं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषलं की ही मर्यादा १५५ वर येते. टाकीवर सांडलं तर लगेच पाणी ओता, रंग सोलवटतो. बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर नवीन घाला.

– ताई, एबीएसवाल्या (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) गाडीत त्याचं युनिट कोरडं पडू दिलं नाही ना? त्यात हवा शिरली तर ती काढायला काही गाड्यांना स्कॅनर लागतो.

– नाही हो, वरची डबी सतत भरत होते. आणखी एक: सगळं नवीन करूनही ब्रेक धरून राहत असेल तर पेडलला थोडी मोकळी चाल आहे का पाहा. ती नसली तर मास्टर सिलिंडरचं (पेडलने ऑइल ढकलणारा पंप) परतीचं बारीक भोक बंदच राहतं, ऑइल मागे जात नाही. शेजाऱ्यांच्या गाडीत एवढंच निघालं.