वर्षभर पडून राहिलेल्या मक्या-जवाच्या रसायनाची (गाळायच्या आंबवलेल्या पाण्याची) व्हिस्की काढावी का?

किवीकाका:
मंडळी, मी न्यूझीलंडला, हॅमिल्टनजवळ असतो. इथे १९९६ पासून स्वतःपुरती दारू घरी गाळायला मुभा आहे (विकायला नाही), तेव्हा कायद्यावरून वाद नको. मका आणि माल्ट केलेलं (मोड आणून वाळवलेलं) जव, दाण्यासकट, बेकरीचं यीस्ट घालून दोन बादल्यांत आंबवलं. मग आईच्या आजारपणामुळे भारतात जावं लागलं, मुक्काम लांबला. एका बादलीला एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी, हवा आत न घेणारी झडप) होता, दुसरीचं झाकण सैल. गाळण्यालायक राहिलंय का?

तांबट_आळी:
वास कसा येतो? वर काय दिसतंय? हायड्रोमीटर (साखर किती उरली याचा अंदाज देणारा) किती दाखवतो? हे सांगितल्याशिवाय 'चालेल' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

किवीकाका:
एअरलॉकवालीत पांढुरका, सुरकुतलेला पापुद्रा. वास आंबट ताकासारखा. मीटर ०.९९८. दुसरीत हिरवट-काळी लव आहे, वास घ्यायचं धाडस झालं नाही.

तांबट_आळी:
मग उत्तर सोपं आहे. दुसरी ओता. लव म्हणजे बुरशी, आणि सैल झाकणातून हवा मिळाली की अल्कोहोलचं व्हिनेगर होतं. त्यातून काय काढणार?

पहिली मात्र मला आवडली. मीटर ०.९९८ म्हणजे साखर जवळजवळ संपली. तो पापुद्रा बहुतेक रानटी यीस्ट किंवा जिवाणूंचा असतो, आणि ताकाचा वास लॅक्टिक आम्लाचा. स्कॉटलंडमध्ये आंबवण थोडी लांबवली की हेच जिवाणू कामाला लागतात आणि व्हिस्कीला फळांचा गंध येतो. जमैकाचे रमवाले तर भट्टीतला उरलेला आंबट मळ साठवून पुढच्या घाण्यात घालतात. वर्षभर मात्र कोणी मुद्दाम ठेवत नाही, तेव्हा चमत्काराची अपेक्षा नको. उलटीसारखा वास आला तर ते ब्युटिरिक आम्ल. नवख्याने त्याच्या नादी लागू नये.

पापुद्र्याखालून नळीने रसायन काढा आणि कापडातून गाळा. दाणे राहिले तर तापवणाऱ्या कॉइलवर करपतात आणि करपलेला वास कितीही वेळा गाळून जात नाही. भांडं तीन चतुर्थांशच भरा. पहिली फेरी धारा (सुरुवातीचा, मधला, शेवटचा भाग) वेगळ्या न करता काढा. मग पाणी घालून ४० टक्क्यांच्या खाली आणा आणि दुसरी फेरी मंद चालवून छोट्या बरण्यांत घ्या. सुरुवातीच्या बरण्यांत नेलपॉलिशचा वास येतो, तो इथाइल ॲसिटेट. त्या टाका. शेवटी ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला की थांबा. व्हिनेगरचं आम्ल ११८ अंशांना उकळतं, म्हणून ते जास्त करून शेवटच्या धारेत उतरतं.

हुर्राकप्रेमी:
पेडण्याहून सांगतो. आमच्याकडे काजूचा रस काही दिवसांतच भट्टीवर चढतो, पहिल्या गाळपाचा हुर्राक, पुढची फेणी. वर्षभर रसायन ठेवलंत हे ऐकलं तर आमचा भट्टीवाला हसेल. पण धान्य म्हणजे फळ नव्हे, तेव्हा मी गप्प.

सावध_गिरगावकर:
डोळे जातील हो! मुंबईत २०१५ ला मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली.

तांबट_आळी:
ती माणसं घरी आंबवलेल्या धान्याने गेली नाहीत, त्या दारूत कारखान्यातलं मिथेनॉल (विषारी अल्कोहोल) मिसळलेलं होतं. आंबवताना मिथेनॉल पेक्टिनपासून तयार होतं, पेक्टिन फळांत भरपूर, मक्या-जवात नगण्य. काळजी करायचीच असेल तर अल्कोहोलच्या पेट घेणाऱ्या वाफेची करा. गॅसच्या शेगडीऐवजी विजेवर चालवा, खिडक्या उघड्या ठेवा, बाहेर पडणारी नळी तुंबू देऊ नका, आणि भट्टी चालू असताना जागचं हलू नका.

किवीकाका:
स्टिल (गाळायचं भांडं) तांब्याचं आहे. एवढं आंबट त्यात घालू का?

तांबट_आळी:
घाला. तांबं गंधकाचा घाण वास ओढून घेतं. पण आम्लाने आत हिरवा थर धरतो, तेव्हा आधी आणि नंतर सायट्रिक ॲसिडने घासा आणि एक फेरी नुसत्या पाण्याची काढा. दाण्यांचा चोथा वाळवून खतात टाका. कोंबड्यांना मात्र ताजा घालू नका, त्यात अल्कोहोल राहिलेलं असतं.