परदेश दौऱ्यात एकच कसोटी म्हणजे मुलींच्या तोंडाला पानं पुसणं नाही का?

नेरूळकर:
२ नोव्हेंबर २०२५ ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये होतो. भारताच्या महिला क्रिकेट संघाने विश्वचषक जिंकल्यापासून सोसायटीच्या ग्रुपवर अभिमानाला भरती आहे. पण हाच संघ परदेशी निघाला की? तीन-पाच टी-ट्वेंटी, तीन वनडे, आणि झालीच तर एक कसोटी. २०२१ मध्ये इंग्लंडात ब्रिस्टलला एक, ऑस्ट्रेलियात कॅरारा मैदानावर एक, दोन्ही अनिर्णित. तिथे दिवस-रात्र कसोटीत स्मृती मानधनाने गुलाबी चेंडूवर १२७ केल्या, मग बॅगा भरा! माजी कर्णधार मिताली राज २३२ वनडे खेळली, कसोट्या फक्त १२. दौऱ्यावर किमान दोन कसोट्या हव्यातच.

घोडबंदरी:
भावना पोचल्या. चार दिवस बघणार कोण? डिसेंबर २०२३ ला तुमच्या घराशेजारीच इंग्लंडविरुद्ध कसोटी झाली, ३४७ धावांनी जिंकलो. गेला होतात?

नेरूळकर:
शनिवारी जाणार होतो हो. जेवणाच्या सुट्टीआधीच संपली!

घोडबंदरी:
म्हणजे नाही 😄

मैदानावरचा:
ठाण्यात मुलींना शिकवतो, म्हणून बोलतो. माझ्याकडच्या मुलींचे सामने बहुतेक वीस षटकांचे. दीड सेशन, म्हणजे तीनेक तास, बॅटिंग करायची म्हणजे काय, हे त्यांना तोंडी सांगावं लागतं. वरिष्ठ महिलांची आंतरविभागीय बहुदिवसीय स्पर्धा २०१८ नंतर थेट २०२४ ला झाली, तीही तीन दिवसांच्या सामन्यांची. आधी कळस मग पाया, असं चाललंय तुमचं.

नेरूळकर:
सर, वर्मस्ली २०१४! आठ वर्षांनी कसोटी, अकरातल्या आठ जणींची पहिलीच. इंग्लंडला इंग्लंडात सहा गडी राखून हरवलं. तेव्हा कुठे होता पाया?

मैदानावरचा:
एकदा पोरगी विहिरीतून पोहून वर आली म्हणून दरवेळी ढकलायची का? आणि पुढे काय झालं? त्याच वर्षी म्हैसूरला एक कसोटी, मग २०२१ पर्यंत शुकशुकाट. जिंकूनही काही मिळालं नाही, हे दुखतं.

वाशीची_वहिनी:
मला दोघांचंही पटत नाही. जून २०२५ मधलं स्मृतीचं ट्रेंट ब्रिजचं शतक मी कुकरच्या शिट्ट्या मोजत बघितलं. ती टी-ट्वेंटी मालिका ३-२ जिंकली, इंग्लंडात पहिल्यांदाच. माझी लेक बॅट मागायला लागली ती त्या संध्याकाळनंतर. कसोटी असती तर मी ऑफिसात आणि ती शाळेत.

नेरूळकर:
वहिनी, मितालीने इंग्लंडात टाँटनच्या कसोटीत २१४ केल्या तेव्हा ती १९ वर्षांची होती. २००२, परदेश दौराच. तो तेव्हाचा विश्वविक्रम! अशी खेळी वीस षटकांत मावते का?

वाशीची_वहिनी:
नाही मावत. पण माझ्या लेकीला ती कुणी दाखवली का?

घोडबंदरी:
नेरूळकर, आता बोला.

नेरूळकर:
बोलतो. सर, तुमच्या मुलींना कसोटीचे लाल चेंडू किती लागतील? डझनभर माझ्याकडून.

मैदानावरचा:
चेंडू आहेत हो. सलग दोन दिवस मैदान मिळत नाही. परवाच्या रविवारी अकराव्या षटकाला मांडववाले आले, पिचच्या कडेला बांबू रोवायला. स्कोअरबुकात काय लिहू, ते तुम्हीच सांगा.