‘ऑक्सिजन जास्त झाल्याने कोणाचं बिघडलंय?’ बिघडतं, म्हणून हा धागा

निशाचर: काल एकाने इथे लिहिलं, ‘नवजात बाळाला ऑक्सिजन मोजूनमापून द्यायचा ही डॉक्टरांची फॅशन आहे, जास्त झाल्याने कोणाचं बिघडलंय?’ खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. झोपच उडाली.

पोटात असताना बाळाच्या रक्तात ऑक्सिजनचा दाब जेमतेम २५-३० मिलिमीटर (पाऱ्याचा). कमी दिवसांच्या बाळाची फुप्फुसं त्याच हिशेबाने घडत असतात, वायुकोश आणि केशवाहिन्या जोडीजोडीने. वाहिन्यांना ‘वाढा’ सांगणारं व्हीईजीएफ हे प्रथिन ऑक्सिजनच्या माऱ्यात घटतं. वाहिन्या खुंटल्या की वायुकोशही मोजके आणि ढोबळ राहतात. मग सगळं रक्त त्या चार वाहिन्यांतून ढकलायचं म्हणजे फुप्फुसातला दाब वाढतो आणि हृदयाची उजवी बाजू दमते.

तिरकस: उंदरांच्या पिल्लांना दोन आठवडे ८५ टक्के ऑक्सिजनमध्ये कोंडून काढलेलं ज्ञान! माझ्या पुतण्याला जन्मताच १०० टक्के दिला होता. आज फुटबॉल खेळतो.

निशाचर: पूर्ण दिवसांचा होता ना? उंदराचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचं फुप्फुस कमी दिवसांच्या बाळासारखंच अर्धवट असतं. उगाच नाही उंदीर घेत. आणि १९६७ साली नॉर्थवे या अमेरिकी डॉक्टरने वर्णन केलेली बिघडलेली फुप्फुसं माणसाच्याच बाळांची होती.

तिरकस: ती बाळं व्हेंटिलेटरवरही होती. त्याच्या दाबाने काहीच झालं नाही वाटतं? सगळं खापर ऑक्सिजनवर.

सत्ताविसाव्या आठवड्याची आई: तुमचं चालू द्या. माझी मुलगी पेटीत होती, पावलाला रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत मोजणारा लाल दिव्याचा प्रोब गुंडाळलेला. आकडा ८८ झाला की यंत्र किंचाळायचं, सगळे धावायचे. ९९ ला मात्र चिडीचूप. मी विचारलं, तर म्हणे वरचा अलार्म सारखा कटकट करतो म्हणून बंद केलाय.

रात्रपाळी: आली गाडी सिस्टरवर! सात पेट्या, आम्ही दोघी. साध्या हवेवरचं बाळ ९९ दाखवत असेल तर अलार्म हवाच कशाला?

सत्ताविसाव्या आठवड्याची आई: साध्या हवेवर नव्हती. ब्लेंडरचं, म्हणजे हवेत ऑक्सिजन मिसळणाऱ्या यंत्राचं, बटण ५० टक्क्यांवर होतं, काचेला नाक लावून रोज बघायचे मी. ते खाली करायला किती वेळ लागतो?

रात्रपाळी: खाली केलं की पाच मिनिटांत आकडा ८० वर घसरतो, पुन्हा वर, पुन्हा खाली. तेवढ्यात पलीकडचं बाळ श्वास सोडतं. काचेबाहेरून सगळं सोपं दिसतं, ताई.

सत्ताविसाव्या आठवड्याची आई: ‘ताई’ म्हणून टोमणा मारू नका. जास्त ऑक्सिजनचा मार डोळ्यांनाही बसतो. तिच्या डोळ्यांना लेझर करावं लागलं.

तिरकस: वाईट वाटलं, खरंच. पण दुसरी बाजूही ऐका. अमेरिकेतल्या २०१० च्या मोठ्या चाचणीत ८५-८९ सॅच्युरेशनवर (म्हणजे तोच प्रोबचा आकडा) ठेवलेल्या बाळांचे डोळे जास्त वाचले, पण दगावलीही जास्त. तुमची काटकसर कोणाच्या जिवावर?

निशाचर: नाइलाजाने मान्य. ८५ ला रेटणं चूकच. पण त्या चाचणीतला दुसरा गट ९१-९५ चा होता, १०० चा नव्हे. ९५ ला रेघ आहेच की! आणि ‘फुप्फुसातल्या वाहिन्या आवळल्यात, मग द्या १००’ म्हणणाऱ्यांनी कोकरांवरचे प्रयोग वाचावेत. अर्धा तास १०० टक्के दिला, तरी नंतर त्या वाहिन्या जास्तच आवळत होत्या. पूर्ण दिवसांच्या बाळाला तर २०१० पासून साध्या हवेनेच सुरुवात करायला सांगतात.

तिरकस: आधी उंदीर, आता कोकरं. हत्ती कधी? बरं, ९५ ची रेघ घेतली मान्य करून. पुतण्या मात्र खेळतोच आहे.

रात्रपाळी: काल या धाग्यावरून चिडून एका बाळाचा वरचा अलार्म ९५ ला लावला. पहाटेपर्यंत कान किटले. बटण मात्र ४० वरून ३० वर आलं, तेवढं सांगते. आज पेट्या आठ आहेत.