मदत हवी आहे: मुलाला ईओई आहे, मोठेपणी पुढे काय होतं?

नमस्कार. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. दीड वर्षापूर्वी त्याला इओसिनोफिलिक इसोफेजायटिस, म्हणजे ईओई (ॲलर्जीसारख्या प्रतिक्रियेमुळे अन्ननलिकेला सूज येण्याचा आजार), असल्याचं निदान झालं. इथे शोधलं तर सगळे धागे ॲसिडिटीचेच निघाले, म्हणून नवा काढतेय.

लहानपणापासून त्याला जेवायला फार वेळ लागायचा. पोळीचा घास वरणात पार भिजवायचा, वर पाण्याचा घोट. डबा अर्धा परत. आम्ही 'नखरे' म्हणून ओरडायचो, त्याचं आज फार वाईट वाटतं. मग एका रविवारी चिकनचा तुकडा अडकला. श्वास नीट चालू होता, पण स्वतःची लाळही गिळता येईना. बेसिनपाशी उभा राहून थुंकत होता आणि छातीवर बोट ठेवून 'इथे आहे, इथे' म्हणत होता. रात्री स्कोपीने, म्हणजे तोंडातून दुर्बिणीची नळी घालून, तुकडा काढला, तेव्हाच बायोप्सी घेतली. त्यात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींचा काउंट ४८ आला. १५ किंवा त्याहून जास्त असला की ईओईचा विचार करतात.

आधी आठ आठवडे पीपीआय, म्हणजे ॲसिड कमी करणारं औषध, दिलं, काउंट २६ वर आला. मग औषध चालू ठेवून दूध पूर्ण बंद केलं. दही, ताक, तूप, पनीर, बिस्किटातली मिल्क पावडरसुद्धा. पुढच्या स्कोपीत काउंट ४! आता भाकरीही पाण्याशिवाय खातो, डबा रिकामा येतो.

पण घरात सगळे म्हणतात, 'मोठा झाला की जाईल.' त्यात टोचून केलेल्या ॲलर्जी टेस्टमध्ये दूध निगेटिव्ह होतं, त्यामुळे सासूबाईंना पटतच नाही. नातवाला पेढा देता येत नाही म्हणून त्यांचा जीव तुटतो, तेही मला दिसतं. डॉक्टरांचं म्हणणं असं: ईओईमध्ये ती टेस्ट फारशी भरवशाची नाही. हा आजार बहुतेकांना पुढेही राहतो, पथ्य किंवा औषध सोडलं की सूज परत येते. त्रास जाणवत नसला तरी आत सूज असू शकते, म्हणून स्कोपी करावी लागते. वर्षानुवर्षं सूज राहिली तर अन्ननलिका कडक आणि अरुंद होते, काहींना ती फुग्याने रुंद करावी लागते. कॅन्सरशी संबंध आढळलेला नाही, एवढा एक दिलासा.

हा वेगळा आजार आहे हे कळलंच १९९० च्या दशकात, त्यामुळे 'माझ्या मुलाला होतं, आता तो असा आहे' सांगणारं कुणी भेटत नाही. मला तेच ऐकायचंय.

कुणाची मुलं आता पंधरा-वीस वर्षांची आहेत का? कॉलेजात, मित्रांबरोबर बाहेर खाताना पथ्य टिकलं का? स्कोपी किती वर्षांनी करता, दर वेळी भूल द्यायची भीती कशी घालवलीत? पथ्याऐवजी गिळायचं स्टेरॉइड, म्हणजे बुडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन, बरीच वर्षं दिलं असेल तर उंचीवर परिणाम दिसला का? अमेरिकेत २०२४ पासून डुपिलुमॅब या सूज कमी करणाऱ्या औषधाचं इंजेक्शन ईओईसाठी एक वर्षावरच्या, किमान १५ किलो वजनाच्या मुलांनाही मंजूर आहे. तिकडच्या कुणी दिलंय का?

आणि दुधाशिवाय कॅल्शियमचं कसं करता? आम्ही नाचणी आणि तीळ देतो, पण पुरतं की नाही कळत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत पुढची स्कोपी आहे. त्यानंतर भाजलेल्या पदार्थातलं थोडं दूध देऊन पाहायचं का, ते डॉक्टरांशी बोलून ठरवायचंय. कुणी तसं करून पाहिलं असेल तर कृपया सविस्तर लिहा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला तरी चालेल.