पुतळा कधी बसवला तेही बघा
गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेकडच्या अमेरिकी राज्यांचे सेनापती रॉबर्ट ली यांचे पुतळे हटवणं म्हणजे इतिहास पुसणं, हे काही पटत नाही बुवा. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं १८६५ मध्ये. व्हर्जिनिया राज्यातल्या शार्लट्सव्हिल शहरातला ली यांचा पुतळा बसला थेट १९२४ मध्ये! मधल्या काळात व्हर्जिनियाने १९०२ च्या राज्यघटनेतून मतदान-कर वगैरे अटी घालून बहुतेक कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावून घेतला होता. म्हणजे पुतळ्यात युद्धाची आठवण कमी, इथे सत्ता कोणाची हे बजावणं जास्त. आणि खुद्द ली यांनीच १८६९ मध्ये अशा स्मारकांना नकार दिला होता. युद्धाच्या जखमा उघड्या ठेवू नयेत, असं त्यांचं म्हणणं. (हे त्यांचे भक्त सोयीस्कर विसरतात.) २०२१ मध्ये पुतळा उतरवला ते योग्यच. २०२३ मध्ये वितळवला, ते मात्र मला रुचलं नाही. संग्रहालयात, उभारणीच्या तारखेसकट ठेवायला हवा होता.